केमोथेरपी आणि स्नायूपेशींचा नाश

मळमळ, केस गळणे, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होणे या केमोथेरपीच्या दुष्परिणामांची कल्पना रुग्णाला बहुधा आधीच दिलेली असते. परंतु क्वचित उद्भवणारा आणि वेळीच न ओळखल्यास जिवावर बेतणारा एक परिणाम स्नायूंवरही होतो. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरण्याच्या या अवस्थेस ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखाली स्नायू चिरडलेल्या जखमींची मूत्रपिंडे पुढे निकामी होतात, हे बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये नोंदवले. स्नायूंची तशीच हानी बाहेरून मार न लागता औषधानेही होऊ शकते. स्नायूंत प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना इजा करते, तर रक्तात वाढलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते.

मऊ ऊतींच्या सार्कोमावरील ट्रॅबेक्टेडिन या औषधाबाबत हा धोका ज्ञात आहे, आणि पूर्वी किरणोपचार झालेल्या भागातील स्नायूंना जेमसिटाबीनमुळे सूज आल्याच्याही नोंदी आहेत. कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन गोळ्यांनीही स्नायूंना इजा होऊ शकते, म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते.

जयपूरमधील सवाई मानसिंह रुग्णालय आणि भगवान महावीर कॅन्सर रुग्णालय येथे राजस्थानातील दूरदूरच्या गावांतून रुग्ण येतात व अनेकजण केमोचा डोस घेऊन गावी परततात. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो. त्यात उलट्या होऊन शरीरातील पाणी घटले, तर मूत्रपिंडांना असलेला धोका आणखी वाढतो. अशा वेळी मांड्या-खांद्यांचे तीव्र दुखणे, उठता-बसता न येणे ही केमोची नेहमीची अशक्तता समजली जाते आणि मोलाचे दिवस वाया जातात.

वास्तविक निदान अवघड नाही. लघवी गडद चहासारखी होते. पट्टीच्या तपासणीत रक्त असल्याचे दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी फारशा आढळत नाहीत. रक्तातील क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतील विकर सर्वसाधारण मर्यादेच्या पाचपटीहून अधिक वाढले, की शंका बळावते. संशयित औषध थांबवून शिरेवाटे भरपूर सलाईन देणे, पोटॅशियमवर लक्ष ठेवणे आणि गरज पडल्यास डायलिसिस करणे, हे उपचार लवकर सुरू झाल्यास मूत्रपिंडे बहुधा सावरतात. म्हणूनच रुग्णाला घरी पाठवताना ही लक्षणे आणि तातडीने संपर्क साधण्याचा क्रमांक त्याला समजेल अशा भाषेत लिहून देणे, हा उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे.