मुलासह राज्य सोडताना : न्यू जर्सीतील बदलता निकष

घटस्फोटाच्या वेळी मुलाचा ताबा कोणाकडे राहील हे न्यायालयाने एकदा ठरवले की वाद कायमचा मिटला, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु मूल ज्याच्या घरी मुख्यत्वे राहते त्या पालकाला नोकरी, पुनर्विवाह किंवा नातेवाइकांचा आधार यांसाठी दुसऱ्या राज्यात जावेसे वाटले, तर तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. अमेरिकेत कौटुंबिक कायदा मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे त्याचे उत्तर राज्यागणिक बदलते, आणि न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबांची लक्षणीय वस्ती आहे, ते काळानुसारही बदलले आहे.

न्यायालय पालकाला स्थलांतरापासून रोखत नाही. मुलाला सोबत नेता येईल का, एवढेच ते ठरवते. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार त्या राज्यात जन्मलेल्या किंवा पाच वर्षे राहिलेल्या मुलाला, त्याचे आईवडील विभक्त झाले असल्यास, दोघांच्या संमतीविना राज्याबाहेर कायमचे नेता येत नाही; संमती नसेल तर न्यायालयाला ‘सबळ कारण’ पटवून द्यावे लागते. मात्र सबळ कारण कशाला म्हणावे, हे कायद्यात सांगितलेले नसल्याने त्याचा अर्थ निकालांतून घडत गेला. 2001 मध्ये बॉरेस खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, मुख्य ताबा असलेल्या पालकाचा हेतू प्रामाणिक असेल आणि स्थलांतराने मुलाचे अहित होणार नसेल, तर परवानगी द्यावी. ताबा असलेला पालक सुखी असेल तर मूलही सुखी राहते, हे तत्कालीन मानसशास्त्रीय संशोधनातील मत त्यामागे होते.

त्या मताविषयी तज्ज्ञांमध्येच पुढे एकवाक्यता उरली नाही, आणि 2017 मध्ये बिस्बिंग खटल्यात, जिथे आईला मुलींसह यूटा राज्यात जायचे होते, त्याच न्यायालयाने जुना निकष बाजूला सारून ‘मुलाचे सर्वोत्तम हित’ हा निकष स्वीकारला. अहित होणार नाही एवढे दाखवणे आणि जाण्यातच हित आहे हे सिद्ध करणे, यांत मोठे अंतर आहे. त्यामुळे आता मुलाचे दोन्ही पालकांशी व भावंडांशी असलेले नाते, शिक्षणातील सातत्य, घराचे स्थैर्य, हिंसाचारापासूनची सुरक्षितता आणि समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची इच्छा, असे सारे घटक एकत्र तोलले जातात. याउलट वॉशिंग्टन राज्याचा कायदा स्थलांतर मान्य व्हावे असे प्रारंभी गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी विरोध करणाऱ्यावर टाकतो. मात्र मुलाचा किमान 45 टक्के वेळ प्रत्येक पालकाकडे जात असेल, तर हे गृहीतक लागू होत नाही.

राज्य बदलले म्हणजे न्यायालयही बदलते, ही समजूतही चुकीची आहे. 1997 मध्ये तयार झालेल्या आणि जवळजवळ सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या समान कायद्यानुसार, ताब्याचा पहिला निर्णय मुलाच्या ‘मूळ राज्या’त, म्हणजे खटल्यापूर्वी सलग किमान सहा महिने ते जिथे राहिले तिथे, प्राधान्याने होतो; आणि एक पालक तिथेच राहत असेल तर आदेशात फेरबदल करण्याचा अधिकार साधारणपणे त्याच राज्याकडे राहतो. नव्या राज्यात तो आदेश नोंदवून त्याची अंमलबजावणी करून घेता येते, पण तिथे नवा दावा लावून जुना आदेश सहसा पालटता येत नाही. मूल अत्याचाराच्या भीतीने तिथे आणले असेल, तर मात्र ते न्यायालय तात्पुरते संरक्षण देऊ शकते.

हाच कायदा अधिकारक्षेत्रासाठी परदेशालाही अमेरिकेतील राज्याप्रमाणे मानतो, त्यामुळे लग्न पुण्यात झाले असले तरी न्यू जर्सीत वाढणाऱ्या मुलाच्या ताब्याचा निर्णय तेथील न्यायालय करू शकते. मुलाला भारतात नेण्याचा प्रश्न तर अधिकच गुंतागुंतीचा होतो, कारण परदेशी नेलेले मूल परत पाठवण्याविषयीच्या 1980 च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही.

म्हणूनच अर्ज करताना नव्या शहरातील पगार आणि शाळेचा दर्जा सांगणे पुरेसे ठरत नाही; सुट्ट्यांची वाटणी, प्रवासखर्चाची जबाबदारी आणि रोजच्या संपर्काची सोय यांचा तपशीलवार आराखडा द्यावा लागतो, कारण मागे राहणाऱ्या पालकाशी मुलाचे नाते कसे टिकेल याचे उत्तर आता जाऊ इच्छिणाऱ्यानेच द्यायचे असते.