नंबर बरोबर, तरी टाके का सुटतात?

टाके सुटू लागले की आपण आधी टेन्शनचा स्क्रू पिळतो, मग बॉबिन काढून पाहतो, मग मशीनला तेल पाजतो. सुई मात्र गेल्या दिवाळीपासून तीच असते. मशीनमध्ये सर्वांत स्वस्त तीच आणि सर्वांत लवकर झिजणारीही तीच.

सुईच्या पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात. ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडी; १४ हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीतला नंबर, जो आपण दुकानात मागतो. शिफॉन-मलमलला ९ किंवा ११, रुबियाचा ब्लाउज किंवा पॉपलिनला ११ ते १४, जीन्सला १६, कॅनव्हासला १८. एवढं बहुतेकींना पाठ असतं.

पण नंबर फक्त जाडी सांगतो, टोक सांगत नाही, आणि खरी गफलत तिथेच होते. टी-शर्टचं होजिअरी कापड फाशात फासा गुंतवून तयार होतं. अणकुचीदार सुईने त्यातला एखादा धागा तुटला, की धुतल्यावर शिवणीलगत बारीक भोकं पडतात. बॉल पॉइंट सुईचं टोक किंचित गोलसर असतं. ती धागा न तोडता बाजूला सारून आत शिरते. घट्ट विणीच्या रेशमाला मात्र बारीक, तीक्ष्ण टोकच हवं, नाहीतर धागे ओढले जातात. चामड्याच्या सुईला तर धारच असते. ती कापडाला चुकूनही लावू नये.

टाका सुटतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. सुई तळाशी जाऊन वर येऊ लागली की नेढ्यापाशी दोऱ्याचा छोटा फास फुगतो आणि शटलचं टोक तो पकडतं. (नेढं टोकाजवळ आणून दोन दोऱ्यांचा हा टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट एलियास होव यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत घेतलं.) लायक्रासारखं ताणणारं कापड सुईला बिलगून वर येतं, फास फुगतच नाही आणि टाका हुकतो. अशा वेळी टेन्शनशी झटापट व्यर्थ. स्ट्रेच सुई लावावी.

दोरा जाड असेल तर नेढंही मोठं हवं. सुटी सुई ओवून दोरा तिरका ताणून धरा. सुई आपोआप घसरत खाली आली पाहिजे. अडखळली तर एक नंबर वरची घ्या.

साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदलावी. खरेदीला जाताना जुनी सुई सोबत न्यावी, कारण घरगुती मशीनच्या सुईचा दांडा सहसा एका बाजूने चपटा असतो, तर कारखान्यातल्या मशीनची गोल दांड्याची सुई त्यात नीट बसत नाही.