गाडीचा इन्शुरन्स: स्वस्त कोटेशनमध्ये काय कापलंय?

मित्रांनो, कारच्या प्रीमियमचे दोन भाग वेगळे वाचा. थर्ड पार्टी कायद्याने सक्तीची. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तिचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला ३,४१६ रुपये, कंपनी कुठलीही असो.

मग एजंट तीन हजार कमी कुठून करतो? ओन डॅमेजमधून. कधी खरंच डिस्काउंट असतो, पण बरेचदा आयडीव्ही, म्हणजे गाडीची धरलेली किंमत, खाली आणलेली असते. गाडी चोरीला गेली की भरपाई त्याच आकड्यावर! दोन कोटेशन ताडून बघताना आयडीव्ही सारखीच ठेवायला सांगा.

आणि दुकानदारांनो, खासगी पॉलिसीच्या कारमधून भाड्याने माल पोचवत असाल तर क्लेम अडकतो, हे एजंट आपणहून सांगेलच असं नाही.