काळ्या शेकाट्याची कुंडली

उजनीच्या काठाला लाल काडीसारख्या पायांवर तोल सावरत चालणारा शेकाट्या पाहिलाय ना? त्याचा न्यूझीलंडमधला भाऊबंद म्हणजे काकी. हे माओरी नाव. चोचीपासून शेपटीपर्यंत काळाकुळकुळीत, पाय तेवढे लाल! बाहेरून आणलेल्या मांजरी आणि स्टोट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) यांनी अंडी-पिल्लं फस्त केली. १९८१ साली जेमतेम २३ पक्षी उरले. म्हणजे आजचे सगळे एकाच भावकीतले. मग त्यांना वाचवायला पैदास केंद्रात जोड्या लावायच्या कशा? वंशावळीच्या नोंदी मूळ पक्ष्यांना एकमेकांचे परके धरून चालतात. खरं नातं डीएनए सांगतो. कँटरबरी विद्यापीठातल्या संशोधकांनी काकीचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला तो यासाठीच. अशा माहितीमुळे जवळचं रक्त टाळून जोड्या जुळवता येतात. ट्वायझेल गावातल्या पैदास केंद्रात वाढलेली पिल्लं मग मॅकेंझी खोऱ्यातल्या नद्यांवर सोडतात. किती सुंदर काम आहे हे!