आंबाजोगाईचा सेनापती खोलेश्वर
(लेखमाला : सेनानींचे जीवनपट – भाग ७)

मागच्या आठवड्यात आपण चीनमधल्या हान साम्राज्याच्या ली ग्वांगची हकीकत वाचली. त्याने सरहद्दीवरच्या प्रांतांचा कारभार पाहिला, सत्तरहून अधिक लढाया लढल्या आणि म्हातारपणी वाळवंटात वाट चुकला. जाब द्यायला कारकुनांपुढे उभे राहण्याऐवजी त्याने इ.स.पू. ११९ मध्ये स्वतःचा गळा चिरून घेतला. इतिहासकार सीमा छ्यानने त्याचे शौर्य लिहिले तसे त्याचे अपयशही लिहिले, म्हणून तो माणूस आपल्याला पुरता दिसतो.

आपल्याकडच्या राजदरबारांनी सेनापतींची अशी चरित्रे लिहून ठेवली नाहीत. त्यांचे आयुष्य शोधायचे तर शिलालेखांकडे जावे लागते. बीड जिल्ह्यातले आंबाजोगाई आपल्याला मुकुंदराजांचे, दासोपंतांचे आणि योगेश्वरीचे गाव म्हणून माहीत आहे. देवगिरीच्या यादव सैन्याचा एक मोठा सेनापतीही याच गावच्या शिलालेखांतून आपल्यापुढे येतो. त्याचे नाव खोलेश्वर. गावातल्या शाळा-महाविद्यालयाला त्याचे नाव आहे. तिथे शिकलेल्या प्रत्येकाला त्याची कामगिरी ठाऊक असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

खोलेश्वर ब्राह्मण होता आणि सिंघण यादवाच्या पदरी होता. सिंघणाचा काळ साधारण १२०० ते १२४६. यादवांचे राज्य याच राजाच्या हाताखाली सर्वांत जास्त पसरले आणि उत्तरेकडची आघाडी प्रामुख्याने खोलेश्वराने सांभाळली. खानदेशातल्या भंभागिरीचा, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या भामेरचा लक्ष्मीदेव आणि चांद्याकडचा भोजदेव हे त्याने नमवलेले छोटे राजे. पुढे माळवा आणि गुजरात. लढाईबरोबर वसवणूकही चालू होती. विदर्भात त्याने अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेली गावे, दिली. अमरावती जिल्ह्यातले खोलापूर त्याच्याच नावाने ओळखले जाते. आंबाजोगाईच्या सकलेश्वर मंदिरातला, म्हणजे गावकऱ्यांच्या बाराखांबीतला, शके ११५० चा (इ.स. १२२८) लेख त्याच्या ऐन उमेदीच्या काळातला आहे.

शिलालेखांतली विजयवर्णने जपूनच वाचावी लागतात. प्रशस्ती लिहिणारा कवी आपल्या धन्याला हरवत नाही. पण खोलेश्वराच्या बाबतीत शत्रूकडची साक्षही हाताशी आहे. सोमेश्वर हा गुजरातच्या राजघराण्याचा पुरोहित. त्याने 'कीर्तिकौमुदी'त सिंघणाचे सैन्य चालून येताना तिकडची काय अवस्था झाली होती ते लिहिले आहे. कोणी नवे घर बांधायला घेईना, धान्य भरून ठेवीना. शेतात उभे पीक सोडून लोक गाड्या मिळवायच्या मागे लागले होते, कारण पळायचे तर गाडी हवी. पुरोहिताने स्वतःच्या राज्याची ही घबराट लिहावी, याला दहा प्रशस्तींपेक्षा जास्त वजन आहे. त्या गाड्यांच्या शोधात असलेल्या शेतकऱ्यांचा उल्लेख आपल्या दगडावर नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

लाटचा, म्हणजे भडोचकडचा राजा शंख या धुमश्चक्रीत यादवांच्या कैदेत पडला. सिंघणाने त्याला सोडले आणि मांडलिक म्हणून परत पाठवले. जिंकलेला मुलूख स्वतः राखण्यापेक्षा तिथलाच माणूस आपल्या बाजूने बसवणे स्वस्त पडते, हा त्यामागचा हिशेब. पत्रे व दस्तऐवज कसे लिहावेत याचे नमुने देणाऱ्या 'लेखपद्धती' या गुजरातच्या ग्रंथात सिंघण आणि गुजरातचा सरदार लवणप्रसाद यांच्यातल्या तहाचा मसुदा आहे. त्यावर संवत १२८८ (इ.स. १२३१-३२) घातले आहे. दोघांनी आपापल्या हद्दीत राहावे आणि एकमेकांवर चाल करू नये, असा त्याचा मथितार्थ. नमुन्यादाखल घेतलेला मसुदा असला तरी यादवांशी तह ही त्या काळी गुजरातेत किती ओळखीची गोष्ट होती, ते यावरून कळते.

तह टिकला नाही. काही वर्षांनी पुन्हा स्वारी निघाली आणि या वेळी सैन्यापुढे होता खोलेश्वराचा मुलगा राम. नर्मदेच्या काठी लढाई झाली आणि राम तिथे पडला.

हे आपल्याला सांगतो तो आंबाजोगाईचाच दुसरा लेख, शके ११६२ चा (इ.स. १२४०). तो कोरवून घेतला रामाच्या बहिणीने. तिचे नाव लक्ष्मी. तिने भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे मंदिर बांधले आणि लेखात बापाचे पराक्रम, भावाची स्वारी आणि भावाचे मरण एकत्र लिहवले. मला या लेखाचे मोल खोलेश्वराच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठे वाटते. यादवांच्या दरबाराने ही मोहीम दगडावर घालायचे कारणच नव्हते, ती फसली होती. सेनापतीच्या घरातल्या बाईला मात्र ती नोंदवायची होती. ली ग्वांगसाठी दरबारातल्या इतिहासकाराने जे केले, ते आंबाजोगाईला एका मुलीने केले. तेराव्या शतकातल्या मराठवाड्यातली एक स्त्री स्वतःच्या नावाने देऊळ उभारते आणि घराण्याचा इतिहास कोरवते, ही गोष्ट क्रमिक पुस्तकात का नाही, याचे मला वाईट वाटते.

या लेखांचे वाचन ग. ह. खरे यांनी १९३० साली 'दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडात छापले. ज्यांना मूळ संस्कृत पाहायचे आहे त्यांनी तो खंड जरूर मिळवावा.

सिंघणाची दक्षिण आघाडी बीचण नावाच्या दुसऱ्या सेनापतीकडे होती आणि तो थेट कावेरीपर्यंत गेल्याचे सांगतो. त्याच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.