हृदयरोगावरील वनस्पतिजन्य औषधे : उपयोग आणि मर्यादा

रोगनिवारणासाठी मानवाने फार प्राचीन काळापासून वनस्पतींचा आश्रय घेतला आहे आणि हृदयविकारही त्याला अपवाद नाही. मात्र वनस्पतीच्या अंगी गुण असणे आणि त्या गुणाचे भरवशाचे औषध तयार होणे, या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांतील अंतर ध्यानी न आल्यास रोग्याच्या जिवावर बेतू शकते. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

काढ्यापासून गोळीपर्यंत

इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग यांच्याकडे १७७५ साली एक घरगुती काढा अभिप्रायासाठी आला. श्रॉपशायर परगण्यातील एक वृद्धा अंगावर सूज येणाऱ्या रोग्यांना तो देत असे. त्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. परंतु गुण केवळ डिजिटॅलिसच्या पानांचा आहे, हे विदरिंग यांनी ओळखले. पुढील दहा वर्षे त्यांनी मात्रा आणि परिणाम यांची नोंद ठेवली व १७८५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मात्रा वाढताच मळमळ, वांती, दृष्टिदोष आणि मंद नाडी ही लक्षणे उद्भवतात, हेही त्यांनी नमूद केले.

१९३० साली याच वर्गातील दुसऱ्या जातीच्या पानांतून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे करण्यात आले. हृदयाच्या पेशीतील सोडियम बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेस ते आवर घालते. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढते आणि स्नायूचे आकुंचन जोमदार होते. नाडीची गतीही मंदावते. सुमारे ६,८०० रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. या औषधाने मृत्यूचे प्रमाण घटले नाही. मात्र हृदयाची दुर्बलता बळावून रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रसंग कमी झाले. नेहमीच्या गोळीत हे द्रव्य अवघे पाव मिलिग्रॅम असते, यावरून मात्रेचे महत्त्व कळून येईल.

दाराशी असलेली बिट्टी

आपल्याकडे कुंपणाशी व देवळांच्या आवारात आढळणारी बिट्टी, म्हणजेच पिवळी कण्हेर, हिच्यातही याच प्रकारची द्रव्ये आहेत. परंतु त्यांचे प्रमाण झाडागणिक निरनिराळे असते. या झाडाचे सर्व भाग, विशेषतः बिया, विषारी आहेत. मुले बिट्ट्यांशी खेळतात. म्हणून शिक्षकांनी त्यांना याची जाणीव करून देणे अगत्याचे आहे. बी पोटात गेल्याची शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता आणि घरगुती उपाय न करता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

अर्जुनसादडा

अर्जुनाच्या सालीचा हृदयरोगावरील उपयोग आयुर्वेदात पूर्वापार सांगितलेला आहे. सालीत अर्जुनोलिक आम्ल, फ्लॅव्होनॉइडे व टॅनिने असून, हृदयपेशींना होणारी इजा त्यांमुळे कमी होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या बारा रोग्यांवरील अभ्यासात आशादायक परिणाम दिसून आले. तथापि नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अधिक काटेकोर चाचणीत, सालीच्या अर्काने हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती वाढल्याचे आढळले नाही. यास्तव अर्जुन त्याज्य ठरत नाही; परंतु सुरू असलेल्या औषधोपचाराची जागा तो घेऊ शकतो, असे म्हणण्यास आधार नाही.

लोकशिक्षणाची गरज

काढा सुरू केला म्हणून रक्तदाबाच्या वा हृदयाच्या गोळ्या परस्पर बंद करणे घातक ठरते. काढा घ्यावयाचा असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे, कारण दोन औषधांचा परिणाम एकमेकांवर होऊ शकतो. छातीत दुखू लागल्यास किंवा एकाएकी धाप लागल्यास झाडपाल्यात वेळ दवडू नये. ग्रामसभा आणि पालकसभा यांतून पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी एवढी माहिती घरोघरी पोहोचविली, तर अनेक अनर्थ टळू शकतील.