हुनराचे दोन तास

सातारा-सांगलीत वेगाचे वेड आहे, मिस्त्रींचे हात आहेत आणि इंजिनिअरही आहेत. हे तिघे एका शेडमध्ये बसले, तर रस्त्यावरची शर्यत ट्रॅकवर जाऊ शकते.

यामाहा आरएक्स-१०० ही गाडी १९८५ मध्ये बाजारात आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आज तिच्यावर जीव टाकणाऱ्या बहुतेक पोरांचा जन्म ती बंद झाल्यानंतरचा आहे. तरीही सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या पट्ट्यात चांगल्या स्थितीतली आरएक्स दिसली की भोवती चार जण जमतात. टाकीला हात लावून बघतात, किक मारायला मागतात. १०० सीसीपेक्षाही कमी क्षमतेचे टू-स्ट्रोक इंजिन, हलकी गाडी आणि अंगावर येणारी ओढ. मग कुणीतरी म्हणते, 'पोर्ट मारून घे, आणखी पळेल.' तिथून खरी गोष्ट सुरू होते.

ही गोष्ट अनेकदा महामार्गावर संपते. रात्री उशिरा, हेल्मेटशिवाय, दोन गाड्यांची पैज. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. चालवणारा अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकालाही तुरुंगवास आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो. पोलीस मोठ्या आवाजाचे सायलेन्सर काढून घेतात, ते रोलरखाली चिरडल्याचे फोटो पेपरात येतात. सायलेन्सर चिरडला जातो, वेड तसेच राहते. महिन्याभरात दुसरा सायलेन्सर बसतो.

या वेडाला जायला रीतसर जागा नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. तिथेच सप्टेंबर २०२३ मध्ये भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. मातीच्या उड्यांची सुपरक्रॉस शर्यत तर अगदी दाराशी आली. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला झाली. मुलींनीही मागे राहायचे कारण उरलेले नाही. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ मध्ये महिलांचा बाहा विश्वचषक जिंकला आहे.

अडचण आहे ती गावातल्या शेडपासून ट्रॅकपर्यंतच्या वाटेची. ट्रॅकवर जायला फेडरेशनचे लायसन्स लागते, अंगावर चामड्याचा सूट लागतो आणि तपासणीत पास होणारी गाडी लागते. पहिल्या दोन गोष्टी पैशाने आणि अर्जाने मिळतात. तिसरीसाठी हात आणि हिशेब दोन्ही लागतात.

मिस्त्रीचा हात, इंजिनिअरचा हिशेब

आपल्याकडचा मिस्त्री इंजिनचा आवाज ऐकून रोग सांगतो. ही विद्या पुस्तकातून येत नाही. उस्तादाच्या हाताखाली पाने देता देता, शिव्या खात, रॉकेलमध्ये पार्ट धूत ती येते. पण रेसची गाडी म्हणजे दुरुस्त केलेली गाडी नव्हे. तिथे अंदाज एका हद्दीपर्यंतच साथ देतो.

टू-स्ट्रोक इंजिनचेच उदाहरण घ्या. सिलिंडरमधून धूर बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यासोबत दाबाची एक लाट सायलेन्सरच्या नळीतून पुढे धावते. नळीचा आकार बरोबर असेल, तर ही लाट निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारे ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लाट वेळेवर आली तर ताकद वाढते. उशिरा आली तर गाडी दम टाकते. ती केव्हा परतणार हे नळीची लांबी, उतार आणि इंजिनचे फेरे यांवर ठरते. हे गणित मांडता येते. गणित न मांडता पोर्ट घासला, तर वरच्या वेगाला गाडी किंचाळते, पण खालची ओढ जाते. त्यात मिश्रणातले पेट्रोल कमी पडले, तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये आवळतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक जागीच जाम होते.

ब्रेकचेही तसेच. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ६० ऐवजी १२० किलोमीटरने पळणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. इंजिन रेसचे आणि ब्रेक मूळचेच, अशा गाडीवर बसलेले पोर कोणत्या भरवशावर बसलेले असते? हँडलचा कल बदलला, पुढचे चाक थोडे मागे घेतले, तर सरळ रस्त्यावर वेगात हँडल थरथरू लागते. कारण त्या कलावरच चाकाची सरळ राहण्याची ओढ अवलंबून असते. वेल्डिंग दिसायला देखणे असले, तरी कोणत्या जोडावर किती ताण येतो हे काढावे लागते.

ट्रॅकवरची तपासणीही याच भाषेत बोलते. स्टँड, आरसे, काचेचे दिवे काढलेले हवेत. ऑइलचे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून तारेने बांधलेले हवेत, कारण ट्रॅकवर सांडलेले थोडे ऑइल मागून येणाऱ्या दहा जणांना पाडू शकते. स्वतःच्या जिवाइतकीच दुसऱ्याच्या जिवाची काळजी हा रेसचा पहिला धडा आहे. रस्त्यावरच्या पैजेत तो कुणी शिकवत नाही.

या मातीची जुनी सवय

हात आणि हिशेब एकत्र येण्याची सवय या दोन जिल्ह्यांना नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानाने. पुढे लोखंडी नांगर आला. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल स्टेशनजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. त्या कारखान्याच्या घडणीत लक्ष्मणरावांबरोबर शंभुराव जांभेकरांचे नाव घेतले जाते. यंत्र हातात घेतले की त्याचे मर्म ओळखणारा हा माणूस होता.

साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला कारखाना काढला. देशात डिझेल इंजिने बनवणाऱ्या सुरुवातीच्या कारखान्यांत त्याची गणना होते. पुढे १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि साताऱ्यात 'प्रिया' स्कूटर बनू लागली. एका पिढीचे लग्न, संसार, बदल्या त्या स्कूटरवर झाल्या. दुचाकी कशी जुळवतात हे ठाऊक असलेली माणसे या गावाने तयार केली.

मिरजेची गोष्ट आणखी जुनी. तिथल्या शिकलगारांचे काम हत्यारांना धार लावण्याचे. हत्यारांचा जमाना सरला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात भोपळ्याला आणि तारांना लावले. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर गेल्या. हुनर असलेला हात नवे काम शिकतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा शोधायला नको.

आणि हिशेबाची बाजू? सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून, साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ पासून. या सगळ्यांतून बाहेर पडलेले इंजिनिअर पुण्यात गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, कुपवाड आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत आहेत, निवृत्त होऊन विश्रामबागेत सकाळी फिरायला जातात.

देवराष्ट्रेच्या गाडीचा धडा

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे देशभर गाजले. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस म्हणून जुन्या गाड्यांचे भाग जोडून छोटी जीपसारखी चारचाकी बनवली. खर्च साठ हजार रुपयांच्या आसपास. गाडी चालू होते किक मारून! आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले, पण त्याच दमात सांगितले की नियमांत बसत नसल्याने ती रस्त्यावर आज ना उद्या अडवली जाईल. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

बोलेरो मिळाली याचा आनंद सगळ्यांना झाला. पण त्या गोष्टीत एक रुखरुखही आहे. गाडी तयार होईपर्यंत नियम जाणणारा, ताण मोजणारा, कागदावर आकृती काढून देणारा एखादा इंजिनिअर त्या शेडमध्ये दोन-चार रविवार बसला असता, तर काय झाले असते? कौतुक नंतर आले. मदत आधी लागते. प्रत्येक शेडपर्यंत महिंद्रा पोहोचणार नाहीत, जवळच्या गावातला इंजिनिअर पोहोचू शकतो.

शेडमध्ये जन्मलेले विक्रम

जगातल्या काही नामांकित रेस गाड्या अशाच शेडमध्ये जन्मल्या. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी १९२० सालची 'इंडियन स्काउट' आयुष्यभर घासली, ओतली, बदलली. ही 'इंडियन' म्हणजे अमेरिकन कंपनीचे नाव, आपला काही संबंध नाही. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर त्यांनी ताशी २९५ किलोमीटरच्या आसपास वेग गाठून आपल्या गटात विक्रम केला.

बेलफास्टचे रेक्स मॅककँडलेस हे मुळात मोटारसायकल मेकॅनिक. त्यांनी भावाबरोबर बनवलेली 'फेदरबेड' फ्रेम नॉर्टन कंपनीने घेतली आणि १९५० मध्ये आइल ऑफ मॅनच्या सीनियर टीटी शर्यतीत नॉर्टनच्या गाड्या पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या. इंजिन जुनेच होते, फ्रेमचा विचार नवा होता.

सगळ्यात बोलके उदाहरण जॉन ब्रिटन यांचे. क्राइस्टचर्चच्या या इंजिनिअरने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मित्रांच्या छोट्या टोळीला घेऊन रेसची मोटारसायकल बनवली. यातले कित्येक जण दिवसभराचे काम उरकून संध्याकाळी येत. इंजिन, चाके, कार्बन फायबरचे भाग, बहुतेक सगळे त्यांनी स्वतः केले. १९९२ मध्ये अमेरिकेत डेटोनाला ती बड्या कंपन्यांच्या गाड्यांपुढे पळत होती. पण शेवटी विजेच्या एका किरकोळ भागाने दगा दिला. १९९४ मध्ये तिथेच ती जिंकली. पुढच्या वर्षी ब्रिटन कॅन्सरने गेले. अशा जेमतेम दहा गाड्या बनल्या, पण आजही त्या संग्रहालयांत दिमाखाने उभ्या आहेत.

स्पेनमध्ये तर 'मोटोस्टुडंट' नावाची स्पर्धाच आहे. विद्यार्थ्यांनी रेसची मोटारसायकल आखायची, बांधायची आणि खऱ्या ट्रॅकवर पळवायची. पेट्रोल गटात इंजिन सगळ्यांना सारखे. फरक पडतो तो डोक्यात आणि हातात. आपल्याकडे चारचाकीसाठी 'बाहा' स्पर्धा २००७ पासून आहे आणि तिथे कंपन्यांतले अनुभवी इंजिनिअर परीक्षक म्हणून वेळ देतात. तीच सवय दुचाकीकडे आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर आली पाहिजे. रेसचे वेड असलेल्या प्रत्येक पोराला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोच असे नाही.

काय करता येईल?

यासाठी इमारत, अनुदान, उद्घाटन काहीच लागत नाही. एक मिस्त्री ज्याची शेड शनिवारी संध्याकाळी मोकळी असते, दोन इंजिनिअर जे आठवड्याला दोन तास देतील आणि पाच-सहा मुले-मुली, एवढ्यावर सुरुवात होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत इंजिनची ताकद मोजायची सोय असते. सुटीच्या दिवशी ती उघडली, तर 'पळते बरं का' या शब्दांच्या जागी आकडा येतो. आकडा आला की वाद संपतो आणि शिकणे सुरू होते.

अटी मात्र पहिल्या दिवशी भिंतीवर लिहाव्यात. शेडमध्ये बनलेली रेसची गाडी रस्त्यावर चालणार नाही, टेम्पोत घालून ट्रॅकवर जाईल. हेल्मेटशिवाय गाडीला हात नाही. पालकांची लेखी संमती हवी. प्रत्येक बदल वहीत लिहायचा: कोणता जेट, किती दात, काय फरक पडला. ही वही लिहिणारा पोरगा उद्या रेसर झाला नाही, तरी चांगला मेकॅनिक नक्की होईल. बॅटरीवरच्या गाड्या आल्यामुळे तर वीज, मोटर, कंट्रोलर समजणाऱ्या हातांची गरज वाढतच जाणार आहे. हे मिस्त्रींनाही शिकायचे आहे आणि ते त्यांना समजावून सांगणारे कुणीतरी हवे आहे.

रमजानच्या महिन्यात घरोघरी जकातीचा हिशेब होतो. तो पैशाचा असतो. पण हजरत अबू जर यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये नेक कामांचा क्रम सांगताना कारागिराला मदत करणे आणि ज्याला काम जमत नाही त्याला ते करून देणे, हेही येते. कोणत्याही धर्माच्या माणसाला पटावी अशी ही गोष्ट आहे. ज्ञानदानाला आपण मराठीत फार मोठे मानतो. फक्त ते वर्गात आणि फळ्यावरच होते, असा एक समज करून घेतलेला असतो.

गॅरेजमध्ये उस्ताद शागिर्दाला पाना कसा धरायचा ते शिकवतो, त्याची फी घेत नाही. इंजिनिअरने स्लाइड रूल किंवा लॅपटॉप घेऊन त्याच बाकावर बसायचे आहे. समोरच्या पोराच्या हातात वेग आहेच. तो त्याने कुठे, कसा आणि किती वापरायचा, एवढा हिशेब त्याला कुणीतरी वेळेत शिकवायला हवा.